आळेगावची माघार आणि राक्षसभुवनची लढाई

मैदानावरचा कर्णधार असो वा रणांगणावरचा सेनापती, त्याची योग्यता एका चुकीवरून ठरविणे किती धोक्याचे असते, हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात गोदाकाठी वसलेल्या राक्षसभुवनच्या इतिहासातून दिसते. नोव्हेंबर १७६२ मध्ये चुलते रघुनाथराव निजामाच्या मदतीने चालून आले, तेव्हा पराभूत झालेले सतरा वर्षांचे पेशवे माधवराव आळेगाव येथे स्वतःहून त्यांच्या स्वाधीन झाले. ही माघार दुबळेपणाची वाटली तरी तिच्यामुळे घरातला कलह आणखी रक्तपात न होता थांबला. पुढे १७६३ मध्ये निजामाच्या फौजांनी पुणे लुटले, आणि १० ऑगस्ट रोजी निजाम नदीपार झाला असता अलीकडे राहिलेल्या चंदावलीवर, म्हणजे पिछाडीच्या फौजेवर, मराठ्यांनी हल्ला चढविला. त्या धुमश्चक्रीत शत्रूच्या वेढ्यात सापडलेल्या रघुनाथरावांच्या मदतीला धावला तो हाच पुतण्या, आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथेच मारला गेला. आळेगावचा निवाडा राक्षसभुवन वगळून करणे हा माधवरावांवर उघड अन्याय आहे. या विजयानंतर राज्याचा कारभार त्यांच्या हाती आला, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते.