घरच्या पार्किंगमधून बाईक चोरीला जाते कशी? आणि ती वाचवायची कशी?

सकाळी सातची वेळ. दुधाच्या पिशव्या दाराला लटकलेल्या, कामावर जायची घाई, हातात चावी आणि जिन्याखालची जागा मात्र रिकामी! फरशीवर इंजिन ऑइलचा ओळखीचा डाग तेवढा उरलेला. आधी वाटतं, भावाने नेली असेल. मग वाटतं, वॉचमनने सरकवून ठेवली असेल. पाच-दहा मिनिटं शोधाशोध झाली की खरं काय ते लक्षात येतं.

अनेक घरांत बाईक ही हौसेची वस्तू नसते. डिलिव्हरीचं काम करणारा, दूध घालणारा, कंपनीत रात्रपाळीला जाणारा, अशा माणसाची गाडी गेली की दुसऱ्या दिवसापासून रोजीरोटीच अडते. त्यात गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर ती चोरीला गेली म्हणून हप्ते थांबत नाहीत. म्हणूनच हा विषय शे-दोनशे रुपयांच्या कुलपावर सोडून देण्यासारखा नाही.

गाडी घरात आहे, मग भीती कशाची?

बाजारात किंवा स्टेशनबाहेर गाडी लावताना माणूस सावध असतो. हँडल लॉक करतो, दोनदा मागे वळून बघतो. घरी आल्यावर मात्र हीच सवय सुटते. "आपल्याच दारात तर आहे" म्हणून हँडल सरळच राहतं आणि कधी कधी तर चावीही गाडीलाच.

चोराच्या दृष्टीने घरच्या पार्किंगचे तीन फायदे असतात. एक, गाडी रोज त्याच जागी, त्याच वेळी उभी असते. दोन, मध्यरात्रीनंतर चार-पाच तास तिकडे कोणी फिरकत नाही. तीन, चोरी सकाळपर्यंत कळतच नाही. तोवर गाडी दुसऱ्या जिल्ह्यातही पोहोचलेली असू शकते.

गाडी सुरूच करावी लागते असंही नाही. स्प्लेंडरसारख्या बाईकचं वजन सुमारे ११२ किलो असतं. दोन-तीन माणसं मिळून ती उचलू शकतात आणि टेम्पोत चढवू शकतात. सुमारे १९५ किलोची बुलेटही ढकलत नेता येते. त्यामुळे फक्त हँडल लॉकवर विसंबणं धोक्याचं. हे लॉक गाडी सरळ चालवू देत नाही, पण गाडी उचलून नेण्यापासून रोखत नाही आणि जोर लावला तर तुटतंही.

मूळ तत्त्व : वेळ आणि आवाज

कोणतंही कुलूप न तुटणारं नसतं. पण चोराला दोन गोष्टी नको असतात, जास्त वेळ आणि मोठा आवाज. प्रत्येक अडथळ्याने यापैकी एक तरी गोष्ट वाढते. म्हणून एकच महागडं कुलूप घेण्यापेक्षा वेगवेगळ्या प्रकारचे दोन-तीन अडथळे एकामागे एक ठेवणं जास्त उपयोगी ठरतं. दार, जमिनीला बांधलेली साखळी, गाडीचं स्वतःचं लॉक आणि प्रकाश किंवा कॅमेरा, असा हा क्रम आहे.

पहिला अडथळा : दार किंवा शटर

बंगल्याला किंवा रो-हाऊसला स्वतंत्र गॅरेज असेल, तर सुरुवात दारापासून करावी. बऱ्याच ठिकाणी कुलूप भारी असतं, पण कडी-कोयंडा मात्र चार छोट्या स्क्रूंवर बसवलेला असतो. चोर कुलपाला हात न लावता कोयंडाच उचकटतो. त्यासाठी कोयंडा आरपार बोल्टने बसवावा. बोल्टचं गोल डोकं बाहेर आणि नट आतल्या बाजूला असावा, म्हणजे बाहेरून पान्याने तो खोलता येत नाही.

रोलिंग शटरला फक्त मधलं लॉक असेल, तर शटरचे कोपरे जॅकने उचलले जाऊ शकतात. दोन्ही बाजूंना खाली कुलपाची सोय करून घ्यावी. कुलूप निवडताना त्याची कडी जितकी कमी उघडी राहील तितकं बरं, कारण कटरचे जबडे घालायला जागाच मिळत नाही. खिडकी असेल तर तिला जाळी आणि आतून पडदा असावा. आत कोणती गाडी आहे, हे बाहेरून दिसता कामा नये.

दुसरा अडथळा : गाडी जमिनीला बांधणं

सगळ्यांत परिणामकारक पण सगळ्यांत कमी वापरला जाणारा उपाय हाच. काँक्रीटच्या कोब्यात जाड लोखंडी कडी अँकर फास्टनरने किंवा सिमेंटमध्ये गाडून बसवायची आणि त्या कडीतून साखळी काढून गाडी बांधायची. अशी गाडी उचलून नेता येत नाही. जवळच्या फॅब्रिकेटरकडे ही कडी बनवून मिळते. मात्र कडी काँक्रीटमध्ये बसली पाहिजे. नुसत्या टाइलवर किंवा पेव्हर ब्लॉकवर बसवली तर ती ब्लॉकसकट निघते.

साखळी निवडताना आणि लावताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

- हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साधी साखळी बोल्ट कटरपुढे टिकत नाही. कठीण केलेल्या पोलादाची म्हणजे हार्डन्ड स्टीलची साखळी घ्यावी. कडी जितकी जाड, तितकी ती हाताच्या कटरने तोडणं अवघड. १६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड कडी हातकटरला सहसा दाद देत नाही. वजन भरपूर असतं, पण साखळी घरीच राहणार असल्याने त्याची अडचण नाही.
- साखळी चेसिसमधून किंवा मागच्या चाकातून घ्यावी. पुढचं चाक काढणं तुलनेने सोपं असतं. नुसतं तेच बांधलं तर चाक मागे राहतं आणि गाडी जाते.
- साखळी जमिनीवर लोळू देऊ नये. कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचं वजन टाकता येतं. साखळी आखूड आणि जमिनीपासून वर राहिली तर हा जोर मिळत नाही.
- कुलूप साखळीच्या तोडीचं असावं. जाड साखळीला सुटकेसचं कुलूप लावण्यात अर्थ नाही.
- पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत, कुलपं गंजून अडकतात. महिन्यातून एकदा मशीन ऑइलचे दोन थेंब पुरेसे होतात.

भाड्याचं घर किंवा सोसायटी असेल तर?

शहरांत बहुतेकांकडे गॅरेज नसतं. गाडी इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली किंवा चाळीच्या बोळात असते. तिथे मनाने जमिनीला भोक पाडू नये. पोडियम किंवा तळघरावरच्या स्लॅबला ड्रिल केल्यास वॉटरप्रूफिंग खराब होऊन गळती सुरू होऊ शकते. कॉलम-बीमला तर हातच लावू नये. सोसायटीच्या कमिटीपुढे विषय मांडून भिंतीलगत योग्य जागी सगळ्यांसाठी एक मजबूत लोखंडी पाइप बसवून घेता येतो. खर्च वाटला जातो आणि दहा-पंधरा गाड्यांची सोय होते.

तेही शक्य नसेल, तर कॉलमभोवती मावेल एवढी लांब साखळी घ्यावी. घरात दोन गाड्या असतील तर त्या एकमेकींना बांधाव्यात. दोन गाड्या एकत्र उचलणं किंवा ढकलणं फारच कठीण जातं.

तिसरा अडथळा : गाडीवरचं कुलूप

डिस्क ब्रेक असलेल्या गाडीला डिस्क लॉक लावता येतं. अलार्मवालं घेतलं तर गाडी हलताच ते वाजतं. मात्र लॉक काढायला विसरून गाडी पुढे घेतली, तर गाडी पडते आणि डिस्कही वाकू शकते. म्हणून लॉकपासून हँडलपर्यंत जाणारी रंगीत आठवण-दोरी जरूर लावावी. ड्रम ब्रेकच्या गाडीला मागच्या चाकाची साखळी किंवा ब्रेक लिव्हर आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र पकडणारं लॉक चालतं.

चोरस्विच हा आणखी एक स्वस्त उपाय. इग्निशनच्या वायरमध्ये लपवलेलं हे बटण बंद असेल, तर चावी फिरवूनही गाडी सुरू होत नाही. पण नवीन गाडीत वायरिंगला हात लावल्यास वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो. त्यामुळे आधी सर्व्हिस सेंटरला विचारावं. जुन्या गाडीचं चावीचं लॉक घासून इतकं ढिलं झालं असेल की दुसरी कुठलीही चावी फिरते, तर पूर्ण लॉकसेट बदलून घ्यावा.

गाडीवर साधं कव्हर टाकण्याचाही फायदा होतो. गाडी कोणती, तिला कुलूप कुठे आहे, हे पाहायला चोराला आधी कव्हर काढावं लागतं. त्यात वेळ जातो आणि बघणाऱ्याला संशय येतो.

प्रकाश, कॅमेरा आणि जीपीएस

हालचाल होताच लागणारा सेन्सरचा दिवा कमी खर्चाचा आणि उपयोगी असतो. कॅमेरा बसवताना तो फक्त वरून डोकी दाखवणारा नसावा. एक कॅमेरा तरी येण्याजाण्याच्या वाटेवर, चेहरा आणि नंबर प्लेट दिसेल असा हवा. रात्री चित्र कसं दिसतं ते एकदा बघून घ्यावं आणि रेकॉर्डरमधली तारीख-वेळ बरोबर आहे ना, तेही तपासावं. काही दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, हे विसरू नये.

जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, पण गाडी शोधायला मदत करतो. त्यात सिमकार्ड असतं, त्यामुळे रिचार्ज संपला की तो मुका होतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये सिग्नल मिळत नाही आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरीही उतरते. ट्रॅकरवर जागा दिसली तरी एकट्याने तिथे जाऊ नये. ती माहिती पोलिसांना द्यावी.

सवयी बदलल्या तर फुकटात संरक्षण

गाडीची चावी दाराजवळच्या खिळ्यावर, खिडकीतून दिसेल अशी टांगू नये. दुसरी चावी डिकीत ठेवू नये. मूळ आरसीही गाडीत नको. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत तपासणीत चालते. गणपतीला किंवा दिवाळीत गावी जाताना "चाललो आठ दिवस" अशी पोस्ट टाकण्यापेक्षा शेजाऱ्याला गाडीकडे लक्ष ठेवायला सांगणं शहाणपणाचं. नव्या गाडीचा फोटो टाकताना नंबर प्लेट आणि घराचा पत्ता ओळखू येईल असा भाग झाकावा.

विमा : इथेच अनेकजण फसतात

कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा चोरीची भरपाई देत नाही. त्यासाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह किंवा स्वतंत्र ओन डॅमेज पॉलिसी लागते. नवीन दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो. ओन डॅमेजचा भाग मात्र अनेकदा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर पाच वर्षांची तारीख बघून निर्धास्त राहणाऱ्यांना चोरीनंतर कळतं की आपला विमा चोरीसाठी कधीच संपला होता.

भरपाई मिळते ती आयडीव्हीनुसार, म्हणजे घसारा वजा करून ठरलेल्या किमतीनुसार. दोन ते तीन वर्षं जुन्या गाडीला ३० टक्के घसारा धरतात. म्हणजे ८० हजारांच्या गाडीचे सुमारे ५६ हजार. कर्ज बाकी असेल तर आधी कर्ज देणाऱ्या संस्थेचे पैसे वळते होतात. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही चाव्या मागते. चावी गाडीलाच राहिली असेल, तर योग्य काळजी घेतली नाही म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो.

चोरी झालीच तर पहिले काही तास

- गाडी बँकेने किंवा वाहतूक पोलिसांनी उचलली नाही ना, याची खात्री करून लगेच ११२ वर फोन करावा आणि पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचं कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही. ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते.
- सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी वेगळं जतन करावं. शेजारच्या दुकानांनाही विनंती करावी.
- विमा कंपनीला लेखी कळवावं. एफआयआर ताबडतोब नोंदवलेला असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये एका ट्रॅक्टर चोरीच्या प्रकरणात दिला. तरीही उशीर न केलेलाच बरा.
- आरटीओ आणि कर्ज देणाऱ्या संस्थेलाही कळवावं.
- गाडी सापडली नाही, तर पोलीस 'अ समरी' अहवाल पाठवतात. गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, असा त्याचा अर्थ. विम्याचा दावा पूर्ण व्हायला ही कागदपत्रं लागतात.

एफआयआर फक्त विम्यासाठी नसतो. चोरीच्या गाड्या साखळीचोरीसारख्या गुन्ह्यांत वापरल्या जातात आणि नंबर प्लेटवरून पोलीस आधी नोंदणीकृत मालकाच्याच दारात येतात. त्या वेळी तक्रारीची तारीख हाच मालकाचा सगळ्यांत मोठा आधार असतो.

खिशाला परवडेल तसा क्रम

आज एक रुपयाही खर्च न करता हँडल लॉक करणं, चावी आत ठेवणं, दोन गाड्या भिंतीला लागून लावणं आणि विम्याची तारीख बघणं जमतं. हाती थोडे पैसे आले की चांगली साखळी, कुलूप आणि जमिनीतली कडी घ्यावी. त्यानंतर सेन्सरचा दिवा, मग कॅमेरा आणि ट्रॅकर. अनेकजण हा क्रम उलटा लावतात. मोबाइलवर चोरी होताना दिसते, पण गाडी मात्र मोकळीच उभी असते.

रात्री दाराला कडी लावताना गॅस बंद आहे ना, हे जसं आपोआप बघितलं जातं, तसंच गाडीची साखळी लागली ना, हेही बघितलं जावं. अर्धा मिनिटाचं हे काम आहे.