समोरच्या टीमचं पान : ब्रुकलिनची एक फॅन, तिची लाल वही आणि तीन टीम्स

आज आपण एक मॅच ऐकणार आहोत. बघायची नाही हं, फक्त ऐकायची.

साल 1949. न्यूयॉर्क शहराला लागून लाँग आयलंड आहे, आणि तिथे रॉकव्हिल सेंटर नावाचं एक उपनगर. उन्हाळ्यातली दुपार. सहा वर्षांची एक मुलगी रेडिओला चिकटून बसलीय. हातात पेन्सिल आणि समोर वडिलांनी आणून दिलेली लाल रंगाची वही. रेडिओवर बेसबॉल चालू आहे आणि ही पोरगी त्या वहीत भराभर आकडे टाकतेय.

संध्याकाळी वडील कामावरून घरी येतात. बँकांचे हिशोब तपासायची त्यांची नोकरी. ते आले की मुलगी वही उघडते आणि दुपारची सगळी मॅच त्यांना पहिल्यापासून सांगते.

या मुलीचं नाव डोरिस कर्न्स. पुढे तीच डोरिस कर्न्स गुडविन झाली, अमेरिकेतली खूप वाचली जाणारी इतिहासकार. पण आज आपल्याला इतिहासकार डोरिसकडे नंतर जायचंय. आधी भेटायचंय ते फॅन डोरिसला. टीम कोणती? ब्रुकलिन डॉजर्स. आणि दुश्मन? ते दोन होते. दोन्ही त्याच शहरातले.

थांबा, आधी वही समजून घेऊ. बेसबॉल येत नसेल तरी चालेल, क्रिकेटवाल्यांना दोन मिनिटांत कळतं. पिचर बॉल टाकतो, बॅटर तो मारतो आणि चार बेसची फेरी पूर्ण केली की एक रन. तीन आउट झाले की समोरच्यांची बॅटिंग. अशा नऊ इनिंग. बॉल थेट प्रेक्षकांत गेला तर होमरन, आपल्या सिक्सरचा मोठा भाऊ समजा.

आता गंमत बघा. फील्डिंगच्या प्रत्येक जागेला एक नंबर असतो. पिचर 1, कॅचर 2, फर्स्ट बेसवाला 3, सेकंडवाला 4, थर्डवाला 5, शॉर्टस्टॉप 6, आणि बाहेरचे तिघं 7, 8, 9. म्हणजे वहीत नुसतं ‘6-4-3’ लिहिलं की जाणकाराला चित्र दिसतं : शॉर्टस्टॉपने बॉल उचलला, सेकंड बेसला फेकला, तिथून फर्स्टला, एका फटक्यात दोन आउट. डोरिसच्या डॉजर्समध्ये त्या काळी 6 म्हणजे पी वी रीस, 4 म्हणजे जॅकी रॉबिन्सन आणि 3 म्हणजे गिल हॉजेस. तीन आकडे लिहायचे आणि तीन हिरो आठवायचे.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. स्कोअरच्या वहीत एका मॅचची दोन पानं असतात. एक आपल्या टीमचं, एक समोरच्या टीमचं. दोन्ही तितकीच नीट भरावी लागतात.

डोरिसने पुढे स्वतःच सांगितलंय की सुरुवातीला ती वडिलांना पहिल्या वाक्यातच सांगून टाकायची, डॉजर्स जिंकले किंवा हरले. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की शेवट आधी सांगितला की ऐकणाऱ्याचा अर्धा जीव तिथेच जातो. म्हणून ती पहिल्या इनिंगपासून क्रमाने सांगायला लागली. तिला वाटायचं, आपण नाही सांगितलं तर बाबांना मॅच कळणारच नाही. सगळे स्कोअर दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतात, हे त्या माणसाने तिला सांगितलंच नाही!

आता टीमकडे वळू. ब्रुकलिन हे 1898 पर्यंत स्वतंत्र शहर होतं. मग ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं, पण आपण वेगळे आहोत ही भावना काही गेली नाही. त्या वेगळेपणाची उरलेली खूण म्हणजे ही टीम. नावही गल्लीतलंच. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्रामगाड्या धावायच्या आणि लोक त्यांना चुकवत चालायचे, म्हणून ‘ट्रॉली डॉजर्स’, त्याचं झालं डॉजर्स.

त्यांचं ग्राउंड एबेट्स फील्ड, 1913 साली सुरू झालेलं. जेमतेम बत्तीस हजार लोक मावतील एवढं, आणि प्रेक्षक खेळाडूंच्या इतके जवळ की एकमेकांना ऐकू जावं. तिथली सगळ्यात प्रसिद्ध प्रेक्षक हिल्डा चेस्टर. आवाज प्रचंड. हार्ट अटॅक आल्यावर डॉक्टरांनी ओरडायला बंदी केली, तर बाईंनी गुरांच्या गळ्यातली घंटा आणून ती वाजवायला सुरुवात केली! आख्ख्या ग्राउंडला कळायचं, हिल्डा आली.

ज्यांना तिकीट काढून जाता यायचं नाही त्यांच्यासाठी रेडिओ होता. पण न्यूयॉर्कच्या तिन्ही टीम्सनी मिळून 1938 पर्यंत रेडिओवर मॅच लावायला बंदीच घातली होती. भीती अशी, की फुकट ऐकायला मिळालं तर तिकिटं कोण घेणार? 1939 साली डॉजर्सनी तो करार मोडला आणि रेड बार्बर नावाचा कॉमेंटेटर आणला. दक्षिणेकडचा हेल, शांत आवाज. उन्हाळ्यात घराघरांच्या खिडक्या उघड्या असायच्या. लोक सांगतात, ब्रुकलिनच्या एखाद्या रस्त्यावरून चालत गेलं तरी मॅच चुकायची नाही, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत कॉमेंटरी चालूच.

आता दुश्मन. पहिला, न्यूयॉर्क जायंट्स. मॅनहॅटनमधल्या पोलो ग्राउंड्सवर खेळणारी टीम. डॉजर्स आणि जायंट्स एकाच लीगमध्ये, त्यामुळे वर्षाला 22 वेळा आमनेसामने. शेजाऱ्याशी भांडण, रोजचं. दुसरा, यँकीज. ते दुसऱ्या लीगमध्ये, म्हणून गाठ पडायची ती ऑक्टोबरमध्ये, वर्ल्ड सिरीजच्या फायनलला. श्रीमंत, शिस्तीची, जिंकायची सवय लागलेली टीम. डॉजर्स त्यांच्याकडून 1941 ला हरले, 1947 ला हरले, 1949 ला हरले, 1952 ला हरले आणि 1953 लाही हरले. आपल्याकडे ‘पुढच्या वर्षी’ म्हटलं की गणपती आठवतो. ब्रुकलिनमध्ये ‘पुढच्या वर्षी बघून घेऊ’ हे दर ऑक्टोबरला ठरलेलं वाक्य होतं.

डोरिसच्या गल्लीत हे सगळं अगदी दारात होतं. शेजारची जिवलग मैत्रीण यँकीजवाली. कोपऱ्यावरचे खाटीक कट्टर जायंट्सवाले, दुकानात गेलं की चिडवाचिडवी ठरलेली. कॅथलिक घरातली ही मुलगी पहिल्यांदा चर्चमध्ये कन्फेशनला गेली तेव्हा पाप म्हणून काय सांगितलं असेल? की समोरच्या टीम्समधल्या खेळाडूंना दुखापत व्हावी असं मी देवाकडे मागितलं! फादर स्वतः डॉजर्सवालेच निघाले, ही त्यातली मजा.

आणि मग आलं 1951.

11 ऑगस्टला डॉजर्स जायंट्सच्या साडेतेरा मॅच पुढे होते. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. तिथून जायंट्सनी शेवटच्या 44 पैकी 37 मॅच जिंकल्या आणि दोघं बरोबरीत आले. आता तीन मॅचचा प्लेऑफ. पहिली जायंट्सनी जिंकली, दुसरी डॉजर्सनी 10-0 अशी. तिसरी 3 ऑक्टोबरला, पोलो ग्राउंड्सवर.

शेवटची इनिंग. डॉजर्स 4-1 ने पुढे. जायंट्सनी एक रन काढला, 4-2. दोन माणसं बेसवर. डॉजर्सनी पिचर बदलला, राल्फ ब्रांका आला. समोर बॉबी थॉमसन. दुसऱ्याच बॉलला होमरन. 5-4. खलास.

जायंट्सच्या कॉमेंटेटरने, रस हॉजेसने, जायंट्स जिंकल्याचं तेच वाक्य ओरडून ओरडून चार वेळा सांगितलं. आज ते रेकॉर्डिंग अमेरिकेत सगळ्यांना माहितीय. पण गंमत अशी, की ते रेडिओ स्टेशनने जपलेलं नाही. ब्रुकलिनमध्येच राहणाऱ्या एका जायंट्स फॅनला कामावर जावं लागणार होतं. त्याने घरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला आणि आईला सांगितलं, शेवटी शेवटी तेवढं बटण दाब. त्या माउलीने दाबलं, म्हणून आज आपल्याला ते ऐकता येतं.

डोरिस तेव्हा आठ वर्षांची. त्या दिवसानंतर ती खाटिकांच्या दुकानात जाईना. कुठल्या तोंडाने जाणार? बरेच दिवस ती फिरकली नाही. मग एक दिवस घरी फुलं आली. पाठवणारे कोण? तेच, जायंट्सवाले खाटीक. तू ये गं परत, तुझ्याशिवाय करमत नाही, अशा अर्थाची चिठ्ठी.

मला या सगळ्या गोष्टीत ही फुलं सगळ्यात जास्त आवडतात. जिंकलेत ते, मग त्यांना हिची काय गरज? गरज अशी, की चिडवायला समोर कोणी नसेल तर जिंकण्याची मजा किती वेळ टिकणार?

या होमरनची अजून एक बाजू आहे, ती उघड झाली 2001 मध्ये, पन्नास वर्षांनी. जायंट्सनी त्या सीझनमध्ये पोलो ग्राउंड्सच्या सेंटरफील्डमागच्या खोलीतून दुर्बिणीने समोरच्या कॅचरच्या खुणा बघितल्या होत्या आणि बझरने आपल्या माणसांना कळवल्या होत्या, हे त्यांच्याच काही खेळाडूंनी कबूल केलं. थॉमसनने मात्र शेवटपर्यंत सांगितलं की त्या बॉलची खूण मला मिळालेली नव्हती. खरं काय ते तोच जाणे. वहीतला 5-4 काही बदलला नाही.

पुढच्या वर्षी, 1952 च्या फायनलमध्ये, गिल हॉजेसची बॅटच चालेना. 21 वेळा प्रयत्न, एकही हिट नाही. ब्रुकलिनच्या लोकांनी त्याला शिव्या नाही घातल्या, त्याच्यासाठी प्रार्थना केल्या. डोरिसनेही स्वतःचं सेंट ख्रिस्तोफरचं पदक त्याला नेऊन दिलं होतं.

आणि शेवटी ती ‘पुढच्या वर्षी’ आलीच. 4 ऑक्टोबर 1955, सातवी आणि शेवटची मॅच, यँकीजच्याच ग्राउंडवर. पिचर जॉनी पॉड्रेस, चारच दिवसांपूर्वी 23 वर्षांचा झालेला. डॉजर्स 2-0 ने पुढे. सहाव्या इनिंगमध्ये यँकीजची दोन माणसं बेसवर आणि योगी बेराने डाव्या कोपऱ्यात उंच बॉल मारला. सँडी अमोरोस धावत धावत आला, हात लांब केला, कॅच! तिथून रीसकडे, रीसकडून हॉजेसकडे, परतणारा माणूसही आउट. वहीत लिहायचं 7-6-3. आणि शेवटचा आउट 6-3, पुन्हा रीस ते हॉजेस. ब्रुकलिन पहिल्यांदा वर्ल्ड चॅम्पियन!

इथे गोष्ट संपली असती तर सिनेमा झाला असता. पण दोनच वर्षांत टीम गेली. हो, शहर सोडून गेली.

मालक वॉल्टर ओमॅलीला ब्रुकलिनमध्येच नवं स्टेडियम हवं होतं. शहराच्या बांधकामांवर ज्याचा वचक होता तो रॉबर्ट मोझेस म्हणत होता, जागा देतो, पण क्वीन्समध्ये. जमलं नाही. ब्रुकलिनमध्ये आजही म्हातारे ओमॅलीला खलनायक मानतात, काही जण मोझेसला. पण तिसरं कारणही होतं. मध्यमवर्ग गाड्या घेऊन उपनगरात राहायला जात होता आणि एबेट्स फील्डला गाडी लावायला जागाच नव्हती. डोरिसचं स्वतःचं कुटुंब त्याच वाटेने रॉकव्हिल सेंटरला आलेलं. म्हणजे टीमच्या आधी फॅन हलले होते.

24 सप्टेंबर 1957, एबेट्स फील्डवरची शेवटची मॅच. प्रेक्षक फक्त 6,702. डॉजर्स गेले लॉस एंजेलिसला. आणि जाताना ओमॅलीने काय केलं माहितीये? जायंट्सच्या मालकालाही पटवलं की तूही कॅलिफोर्नियाला चल. ते गेले सॅन फ्रान्सिस्कोला. धंद्याचं गणित होतंच, एकट्या टीमशी खेळायला एवढ्या लांब कोण येणार? पण हेही बघा, त्या माणसाने दुश्मन सोबत नेला आणि फॅन मागे ठेवले.

त्याच सुमारास डोरिसची आई वारली. डोरिस पंधरा वर्षांची होती. टीम गेली, आई गेली, नंतर ते घरही गेलं. 1960 साली एबेट्स फील्ड पाडलं, ज्या लोखंडी गोळ्याने पाडलं तो बेसबॉलसारखा रंगवलेला होता. आज तिथे राहत्या इमारती आहेत. 1962 मध्ये न्यूयॉर्कला मेट्स ही नवी टीम मिळाली. तिचे रंग? डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा केशरी. जे लोक आयुष्यभर एकमेकांना चिडवत होते, त्यांचे रंग एकाच टोपीवर आले.

डोरिस शिकायला हार्वर्डला गेली आणि पुढे बोस्टनच्या रेड सॉक्सची फॅन झाली. तिथेही समोर कोण? तेच, यँकीज! पुढे तिने राष्ट्राध्यक्षांची चरित्रं लिहिली, 1995 ला पुलित्झर पुरस्कार मिळवला आणि 1997 ला या सगळ्या बालपणावर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव, ‘वेट टिल नेक्स्ट इयर’. मग 2005 मध्ये लिंकनवरचं ते गाजलेलं पुस्तक, ‘टीम ऑफ रायव्हल्स’. विषय असा, की लिंकनने उमेदवारीसाठी आपल्याविरुद्ध लढलेल्या माणसांनाच मंत्रिमंडळात कसं घेतलं.

आता ती दोन पानं आठवा. डोरिस डॉजर्सची होती, शंभर टक्के. ती तटस्थ वगैरे अजिबात नव्हती. पण यँकीजनी रन काढला की तो तिला लिहावाच लागायचा, नाहीतर संध्याकाळी बाबांना सांगितलेली गोष्ट जुळलीच नसती. इतिहास वाचताना आपणही कुठल्या ना कुठल्या बाजूचे असतोच. असायला हरकत नाही. समोरच्याचं पान कोरं ठेवलं की मात्र आपली जिंकलेली मॅचसुद्धा खोटी वाटायला लागते.

तर मंडळी, तुमची टीम पुढच्या वेळी हरली की एक करून बघा. ग्रुपवर मीम टाकायच्या आधी घरातल्या कुणाला तरी ती मॅच पहिल्यापासून सांगा, समोरच्यांचे चांगले फटके न गाळता. आणि सांगून झाली की कमेंटमध्ये कळवा, कुठल्या फटक्यापाशी सगळ्यात जास्त त्रास झाला ते!

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा.