डायोड आणि वाळवंटातलं ऊन

जयनगरच्या घरातून आज गोष्ट एका चिमुकल्या भागाची, डायोडची.

लष्कराला लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं देशातच बनावीत म्हणून १९५४ साली आमच्या बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६२ साली जर्मेनियमचे अर्धवाहक बनू लागले. पुढे सगळं जग सिलिकॉनकडे वळलं. त्याचं एक मोठं कारण म्हणजे उष्णता.

डायोड तापला की तेवढाच प्रवाह कमी व्होल्टेजवर वाहतो. दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट घट. उलट दिशेची गळती मात्र दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. २५ अंशांवरून ५५ वर गेलात, की आठपट! सिलिकॉनची गळती मुळातच इतकी कमी, की आठपटही खपून जाते. जर्मेनियमचं तसं नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी तरुणपणी राजस्थानात चुकलोच. जर्मेनियम डायोडचा एक जुना मीटर भर दुपारी कमी व्होल्टेज दाखवायचा. मी ऑपरेटर जवानाला झापलं. रात्री गारव्यात तोच मीटर बरोबर! दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तेव्हापासून दोष कुणाला देण्याआधी मी तापमान विचारतो.

पुढच्या भागात भेटू.