फिल्टरमध्ये गळलेलं घर

गेल्या शनिवारी मी आयुष्यात पहिल्यांदा खजिना शोधायला गेलो. मिळालं काय, तर सदतीस गंजके खिळे, एक बटण आणि बरणीचं अर्धं झाकण. तरीही वीकांत सत्कारणी लागला. का ते सांगतो.

सध्या प्रोजेक्टच्या कृपेने मुक्काम ओमाहाला, नेब्रास्का राज्यात. हापिसातल्या एका सहकाऱ्याला मेटल डिटेक्टरचं भयंकर वेड आहे. दोन तास गाडी हाणून आम्ही एका शेतावर पोचलो. मालक आजोबांची लेखी परवानगी त्याने आधीच घेतलेली. मक्याच्या कडेला चार-पाच जुनी झाडं आणि गवतात बुडालेले दोन उंचवटे. बस्स! "हेच ते घर," तो म्हणाला.

असल्या जागेला इथे होमस्टेड म्हणतात. २० मे १८६२ ला लिंकनने एका कायद्यावर सही केली: १६० एकर सरकारी जमीन घ्या, साधारण १८ डॉलर फी भरा, घर बांधा, जमीन कसा, पाच वर्षं राहून दाखवा, मग ती तुमची. १ जानेवारी १८६३ ला कायदा लागू झाला आणि त्याच दिवशी डॅनियल फ्रीमनने याच नेब्रास्कात, बिॲट्रिसजवळ, दावा ठोकला. पुढे साधारण १६ लाख जणांना मिळून २७ कोटी एकर जमीन मिळाली. म्हणजे साडेतीन महाराष्ट्र! अर्थात ही जमीन काही रिकामी पडलेली नव्हती. इथल्या पॉनी जमातीची उरलीसुरली बहुतेक जमीन १८५७ च्या कराराने गेली आणि १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं.

आता यंत्राबद्दल. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडायचं. खाली धातू असला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, ते दुसरी कॉइल पकडते. परतलेल्या सिग्नलची फेज किती सरकली त्यावरून लोखंड की चांदी याचा अंदाज. १८८१ मध्ये ग्रॅहम बेलने याच तत्त्वाचं यंत्र वापरून राष्ट्राध्यक्ष गारफिल्डच्या अंगातली गोळी शोधून पाहिली. डॉक्टरसाहेबांनी त्याला उजवीच बाजू तपासू दिली. गोळी निघाली डावीकडे, तीही शवविच्छेदनात.

आमच्या यंत्रावर लोखंड गाळायचं सेटिंग चालू होतं. दीड तास शांतता. शेवटी मी म्हटलं, "फिल्टर काढून बघू या का?"

"कान किटतील. नुसते खिळे आहेत इथे."

पण काढला. प्रत्येक आवाजाला मी वहीत एक फुली मारत गेलो, पावलं मोजून. तासाभरात वहीवर चित्र उमटलं. पहिल्या उंचवट्यावर जेमतेम सहा-सात खिळे, सगळे चौकोनी अंगाचे. वीस पावलांवर दुसऱ्याशी मात्र गर्दी, आणि सगळे गोल, तारेचे.

चौकोनी खिळे पत्र्यातून कापून काढत. तारेचे स्वस्त गोल खिळे १८९० च्या दशकात बाजारात वरचढ झाले. या माळरानावर झाडं नव्हती, म्हणून पहिलं घर बहुतेक गवताच्या मुळांनी बांधलेल्या मातीच्या ढेपा रचून करत. त्याला खिळे लागणार फक्त दाराखिडक्यांना. लाकडी घराला मात्र ढिगाने. म्हणजे हे कुटुंब टिकलं, विकत लाकूड आणण्याइतकं कमावलं. जुने खिळे लोक पुन्हा वापरतात, तेव्हा हा पुरावा नव्हे, अंदाजच. पण अंदाज बांधता आला तो प्रत्येक खिळा कुठे होता हे माहीत होतं म्हणून.

सहकाऱ्याच्या डब्यात इथलंच १८८० च्या दशकातलं एक नाणं आहे. विचारलं, कुठल्या उंचवट्याजवळ मिळालं?

"इथेच कुठेतरी," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ गप्प झाला. नाणं आहे, त्याची गोष्ट मात्र गेली. परत पुरूनही ती येणार नाही.

निघताना वहीतलं पान आणि ते बटण आजोबांना दिलं. ते पान खूप वेळ बघत राहिले. म्हणाले, "इथे दोन घरं होती हे मला ठाऊकच नव्हतं." जन्म त्यांचा याच शेतावरचा!

आपल्याकडेही पडक्या वाड्याचं जोतं दिसलं की हात शिवशिवतात. १८७८ च्या कायद्याने जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरची वस्तू कलेक्टरला कळवायची सक्ती केली ती उगाच नाही. आणि कायदा राहू दे बाजूला, सोनं शोधताना आपण काय काय गाळतोय ते एकदा तपासायला हवं.

असो. पुढच्या शनिवारी परत जातोय. या वेळी वही सहकाऱ्याने घेतलीय.