लुई सीर : गिरणीतून आलेला बलदंड पुरुष

२७ मे १८९५, बोस्टन. लाकडी फळीवर अठरा धष्टपुष्ट माणसे. फळीखाली ओणवा झालेला एक पुरुष पाय ताठ करू लागतो आणि फळी टेकूंवरून सुटते. भार ४,३३७ पौंड, म्हणजे सुमारे १,९६७ किलो.

ही उचल हातांची नव्हे. पाठ फळीला भिडवून मांड्यांच्या बळावर भार जेमतेम काही बोटे वर न्यायचा असतो. अंतर अल्प, म्हणूनच आकडा एवढा प्रचंड.

या पुरुषाचे मूळ नाव सिप्रियाँ-नोए सीर. जन्म १० ऑक्टोबर १८६३, कॅनडातील क्वेबेक प्रांतात. घरची भाषा फ्रेंच. १८७८ मध्ये कुटुंब अमेरिकेतील लोवेल या कापडगिरण्यांच्या नगरात गेले. शेतीवर पोट भरेना, म्हणून १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच कॅनेडियनांनी हीच वाट धरली. मूळ नाव अमेरिकनांच्या जिभेवर वळेना, म्हणून मुलगा 'लुई' झाला.

पुढे तो क्वेबेकला परतला, काही काळ मॉन्ट्रियलजवळ पोलिसात होता, मग खेळ करत फिरू लागला. १८९१ मध्ये मॉन्ट्रियलच्या सोमेर पार्कमध्ये दोन्ही बाजूंनी दोन-दोन घोडे त्याला ओढत होते आणि त्याचे छातीशी बांधलेले हात सुटले नाहीत. दोन्हीकडची ओढ एकमेकींना तोलते, हे खरे. त्यामुळे पाय रोवण्याची चिंता उरत नाही. पण सारा ताण हातांवर येतो, आणि तो सोसणे ही काही हातचलाखी नव्हे. शिवाय हे ज्या शहरात घडले तिथे कारखान्याचा मालक बहुधा इंग्रजी बोलणारा आणि मजूर फ्रेंच बोलणारा. प्रेक्षकांच्या जल्लोषात केवळ कुतूहल होते, असे मला वाटत नाही.

मूत्रपिंडाच्या विकाराने हे शरीर खचत गेले. १९०६ मध्ये तरुण हेक्टर देकारीशी झालेला सामना बरोबरीत सुटला. नियमाने किताब सीरकडेच राहिला असता. त्याने तो देकारीच्या हवाली केला आणि निवृत्त झाला. १० नोव्हेंबर १९१२ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

मॉन्ट्रियलच्या सँ-आन्री या जुन्या कामगारवस्तीत त्याचा पुतळा उभा आहे. लोक त्याला लुई सीर म्हणूनच ओळखतात. लोवेलमध्ये मागे पडलेले नाव पुन्हा कुणी उचलले नाही.