नऊ बावन्न

टाकी ५ जून २०२० रोजी, वटपौर्णिमेला, दुपारी रिकामी झाली. खालच्या वेळा टाकीच्या वहीतल्या आहेत. रोज तापमान आणि क्षारता लिहायची सवय होती, म्हणून त्या तीन दिवसांतही लिहीत गेलो. जिथे नोंद नाही, तिथे मी झोपलो होतो.

नोव्हेंबर २०१७. काशीदच्या घरी माजघराच्या भिंतीलगत जांभ्याचा चौथरा बांधला. वर कडाप्पा, कडाप्प्यावर थर्माकोल, थर्माकोलवर काच. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच. काठोकाठ ११३० लिटर. काच १५ मिलिमीटरची, नुसत्या काचेचं वजन सव्वादोनशे किलो. रेवदंड्याचा पूल आणि कोर्लईची वळणं पार करून टेम्पो दारात आला, तेव्हा ती उतरवायला नऊ माणसं लागली.

खडक घरीच केले. समुद्रातून प्रवाळाचा खडक काढून आणणं हा गुन्हा आहे; २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या पुस्तकात ते वाघाच्या रांगेत बसतात. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ एकत्र कालवून वाळूच्या खड्ड्यांत ओतलं. मीठ विरघळलं की खडकाला भोकं पडतात आणि त्या भोकांत पुढे जिवाणू घर करतात. सिमेंटचा क्षार उतरावा म्हणून खडक दोन महिने गोड्या पाण्यात बुडवून ठेवले. दर चार दिवसांनी पाणी बदलायचं. त्या पाण्याने कुंडीतली अबोली जळली.

समुद्र घरापासून चारशे पावलांवर. तरी मी आरओच्या पाण्यात मुंबईहून आणलेलं मीठ घालत होतो, पहिल्या भरणीला चाळीस किलो. आमच्या किनाऱ्याचं पाणी चार महिने गढूळ असतं, ते टाकीतल्या जिवांना चालत नाही, हे मी गावात बऱ्याच जणांना समजावलं. ते ऐकून घेत आणि हसत.

मार्च २०१८. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढलं, उतरलं. सहा आठवड्यांनी दोन्ही शून्यावर आले आणि पहिले मृदू प्रवाळ आत गेले. वाडी बघणाऱ्या काकांनी टाकीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "लाईट गेली म्हंजे काय करनार, दादा?"

"इन्व्हर्टर आहे."

त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही.

२० मार्च २०२०. डिझेल जनरेटरचं दरपत्रक आलं. एप्रिलमध्ये बघू म्हटलं. २४ मार्चच्या रात्री लॉकडाउन लागला.

२ जून, दुपारी १२. अरबी समुद्रातल्या खोल कमी दाबाच्या पट्ट्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं, निसर्ग. नाव बांगलादेशाने सुचवलेलं. तेरा दिवसांपूर्वी अम्फान बंगालवर गेलं होतं, त्याची चित्रं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. हवामान खात्याचा अंदाज: ३ जूनला दुपारी, अलिबागजवळ, ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२०. सगळं स्पष्ट होतं. वादळाची सूचना मिळाली नाही, असं मला म्हणता येणार नाही.

सायंकाळी ४.१०. बोर्लीचं दुकान. मेणबत्त्या, काडेपेट्या, सुतळी, प्लास्टिकचा ताडपत्रीसारखा कागद १५ फूट, मोठे सेल. सेलवर चालणारे हवेचे दोन पंप घरात होते. एकाला दोन सेल लागतात. दुकानदाराने बारा सेलांचा खोका समोर ठेवला. मी सहा घेतले.

रात्री ९.३०. तापमान २५.६. चिलर २३.५ वर लावून रात्रभर पाणी थंड करून ठेवावं, असं एकदा मनात आलं. थंड पाणी उशिरा तापतं आणि त्यात प्राणवायूही जास्त मावतो. पण दोन अंशांच्या फरकाने प्रवाळ मिटतील, अशी भीती वाटली. चिलर होता तिथेच ठेवला. मग बाहेर जाऊन कौलांवर दगड ठेवले, शिडी आडवी केली, पडवीचा झोपाळा उतरवला. बाहेर तीन तास, टाकीपाशी दहा मिनिटं.

३ जून, सकाळी ६.४०. तापमान २५.५. विशिष्ट गुरुत्व १.०२५. पीएच ८.२. मासे तेरा: दोन क्लाउनफिश, एक पावडर ब्लू सर्जन, एक फॉक्सफेस, सहा क्रोमिस, तीन कार्डिनल. वहीत पुढे लिहिलं आहे, "सगळं छान."

७.३०. दिवसभर वेळ मिळणार नाही म्हणून खाणं दुप्पट घातलं. भरल्या पोटी मासा जास्त प्राणवायू घेतो, आणि उरलेलं खाणं कुजायलाही तोच लागतो. हे मला माहीत होतं. आठवलं नाही.

९.३०. टायमरने टाकीचे निळे दिवे लावले. टायमर जुन्या पद्धतीचा, फिरत्या तबकडीचा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खाचा असलेला. वारा होता, पण पावसाळ्याच्या तोंडावर असतो तितकाच.

९.५२. वीज गेली. दिवे आणि चिलर बंद. पाणी फिरवणारा पंप, लाटा करणारे दोन पंप आणि स्किमर इन्व्हर्टरवर आले. एकूण १८० वॉट. बॅटरी १५० अँपिअर-तासांची. हिशोब सोपा होता, सहा-सात तास.

११.१०. कच्च्या घरांतली तीन कुटुंबं आमच्याकडे आली. चौदा माणसं, एक तान्हं, दोन शेरडं. पंखे लावले, मोबाईल चार्जिंगला लागले. इन्व्हर्टरचा हिशोब मी पुन्हा केला नाही. करून तरी कोणता पंखा बंद केला असता?

१२.३०. वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढू लागलं. अलिबागच्या दक्षिणेला म्हणजे आम्ही.

१.०५. आवाजाबद्दल इतकंच, की बोललेलं ऐकू येत नव्हतं. खिडकीच्या फटीतून वाडी दिसत होती. पोफळी वाकत, उठत, वाकत. मग त्यांतल्या काही उठल्याच नाहीत. द्वादशीची भरती सकाळीच येऊन गेली होती, म्हणून समुद्र सुरूच्या रांगेपलीकडेच राहिला.

टाकीतल्या पाण्यावर बारीक थरथर होती. क्लाउनफिश आपल्या कोपऱ्यात होते. घरात सगळ्यात स्वस्थ तेच, असं वाटलं.

१.४०. कौलं उडाली आणि टाकीच्या वर गळायला लागलं. गोडं पाणी, त्यात कौलांची माती आणि घुशींनी साठवलेलं काय काय. ताडपत्रीसारखा तो कागद टाकीवर पसरला, चारी बाजूंनी सुतळीने बांधला. बायकोने गाठी पक्क्या केल्या. टाकी वाचवल्याचं समाधान वाटलं.

पाणी श्वास घेतं ते वरच्या पृष्ठभागातून. तोच आम्ही बांधून टाकला होता.

२.३०. जोर उतरला.

३.४०. इन्व्हर्टर चार वेळा वाजला आणि बंद पडला. सहा-सात तास धरले होते, त्याने पावणेसहा दिले. मी सेलवरचे दोन्ही पंप चालू करून नळ्या कागदाखालून आत सोडल्या. प्रत्येकी एक बुडबुड्यांची रेघ. ११३० लिटरला दोन रेघा.

४.००. काकांच्या मुलाच्या डोक्यात कौल लागलं होतं. जखम बांधली. गाडीत नऊ-दहा लिटर पेट्रोल होतं, आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा तीनशे वॉटचा लहान इन्व्हर्टरही. इंजिन चालू ठेवलं असतं तर पाणी फिरवणारा पंप रात्रभर चालला असता. पण रात्री मुलाला उलट्या झाल्या तर त्याला दवाखान्यात न्यावं लागणार होतं, आणि पंपावर वीज नाही म्हणजे पेट्रोलही नाही. किल्ली खिळ्याला अडकवून ठेवली. मग फाटकावर पडलेला आंबा तोडायला गेलो. पाच माणसं, दोन कोयत्या, एक करवत, अडीच तास.

६.५०. परत आलो तेव्हा कागद आठवला. सोडला. पाण्यावर साय धरल्यासारखा तवंग होता. क्रोमिस वर येऊन तोंडं उघडत-मिटत होते.

७.३०. गोगलगाई काचेवर चढून पाण्याच्या रेषेपाशी जमल्या होत्या. बावीस मोजल्या. एरवी त्या अंधार पडल्यावर एकेक करून निघतात. एवढ्या एकदम वर येणं म्हणजे खाली प्राणवायू उरला नाही, हे पुस्तकात वाचलेलं होतं. वहीत मी फक्त "गोगलगाई वर, २२" असं लिहिलं आहे.

८.००. उजेड संपला. दिवसा प्रवाळांच्या अंगातली शैवालं प्राणवायू सोडतात. रात्री तीही घेतात. तांब्या घेऊन बसलो. भरायचा, हातभर उंचीवरून ओतायचा. वीस तांबे, पाच मिनिटं विश्रांती, वीस तांबे. बायकोने आळीपाळीने केलं. पाहुण्यांतल्या एका म्हातारीने विचारलं, "देवाचं हाय का काय?"

११.४५. तापमान २७.८. क्रोमिस थोडे खाली गेले. बरं वाटलं.

४ जून, रात्री १.१५. तासभर पडायचं ठरवलं. मोबाईलवर २.१५ चा गजर लावला. चार्ज ६ टक्के होता.

४.५०. कोंबड्याने जागं केलं. मोबाईल काळा. दोनपैकी एका पंपाचा आवाज येत नव्हता.

४.५५. विजेरी. पावडर ब्लू सर्जन तळाशी, रंग उतरलेला. अंगाने मोठा आणि सतत पोहणारा मासा आधी जातो. फॉक्सफेस खडकाच्या फटीत. क्रोमिस चार. सगळे मेलेले. लेदर प्रवाळावर चिकट आवरण. सात मासे जिवंत.

बंद पंपाचे सेल काढून पाहिले. खोक्यावरची तारीख जुनी होती. शिल्लक दोन सेल त्यात घातले.

७.००. अमोनिया १. पीएच ७.७. मेलेले काढले, पण खडकांच्या आत काय मेलं ते काढता येत नाही. दोन वर्षांत आत शेकडो किडे, बारीक कोळंब्या, तारामासे वाढले होते. एरवी त्यांचा अभिमान होता.

८.१५. दोन बादल्या घेऊन समुद्रावर गेलो. चारशे पावलांना पंचवीस मिनिटं लागली. सुरूची झाडं आडवी, मुळं वर. त्यांवरून चढून जावं लागलं. वाळूवर चहाच्या टपरीचा पत्रा होता. पाणी चहासारखंच. बादली भरून खाली ठेवली, पाच मिनिटं थांबलो. तळाशी बोटभर गाळ बसला आणि वरचं पाणी तरी तपकिरीच राहिलं. ते ओतलं आणि रिकाम्या बादल्या घेऊन आलो.

वाटेत कळलं, अलिबाग तालुक्यात उमट्याला विजेचा खांब अंगावर पडून एक माणूस गेला. वहीत ही ओळ आहे, आणि तिच्या खाली:

१२.३०. अमोनिया ४. तापमान २९.४. उरलेले क्रोमिस आणि तिन्ही कार्डिनल गेले. दोन्ही क्लाउनफिश पंधरा लिटरच्या बादलीत हलवले, मीठ कालवून ठेवलेलं ताजं पाणी आणि एक पंप. ते पाणी दोनशे लिटर तयार होतं. सकाळी सातला का वापरलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

सायंकाळी ५.००. टाकी दुधासारखी पांढरी. पलीकडची भिंत दिसत नव्हती. वास पडवीपर्यंत. पाहुणे काही बोलले नाहीत. अंथरुणं मात्र ओटीवर नेली.

५ जून, सकाळी १०.००. बायका पूजेला निघाल्या. त्यांचा वड पडला होता. आडव्या खोडालाच सूत गुंडाळलं.

१०.४०. पाणी उपसायला नळी लावली. खारं पाणी वाडीत सोडलं तर उरलेल्या पोफळीही जातील, म्हणून नळीला नळी जोडून ओहोळात सोडलं. झोअँथिड प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असू शकतं, मेलेल्यांतही. त्यामुळे हातमोजे घालून ते वेगळे काढले आणि खड्ड्यात पुरले. बाकी खडक टाकीतच ठेवले. दुपारी २.२० ला नळीतून हवा आली.

६ जून, पहाटे ३.१०. बादलीतला पंप थांबला. तांब्या.

६.४०. बादलीत एक.

९.१५. एकही नाही. पुढची तीन पानं कोरी आहेत.

२७ जून, सायंकाळी ६.२०. तालुक्यातले खांब एकेक करत उभे राहिले होते. आमच्या आळीत वीज चोविसाव्या दिवशी संध्याकाळी आली. पोरांनी रस्त्यावर आरडाओरडा केला. पंपांचे आणि चिलरचे प्लग मी काढून ठेवले होते, दिव्यांचा राहिला होता. माजघरात रिकाम्या काचेवर आणि सुकलेल्या खडकांवर निळा उजेड पडला. टायमरची तबकडी जिथे थांबली होती तिथून पुढे फिरू लागली. बाणाखाली पावणेदहाची खाच नुकतीच सरली होती.