घर परत करताना

सरकारी नोकराच्या आयुष्यात बदलीचा हुकूम आणि बिऱ्हाडाची बांधाबांध ही ठरलेलीच असतात. अशाच एका बदलीमुळे देवनहळ्ळीचे आमचे भाड्याचे घर सोडण्याची वेळ आली. बंगळूरच्या उत्तरेस असलेले हे गाव म्हणजे टिपू सुलतानाचे जन्मस्थान. तेथील किल्ल्याची तटबंदी आजही उभी आहे.

श्रोतेहो, सामान बाहेर पडले की रिकामे घर आपले खरे रूप दाखवू लागते. ओट्यामागे तेलाचा थर होता, दाराची पितळी कडी काळवंडली होती, आणि कूपनलिकेच्या कठीण पाण्याने नळांवर पांढरी पुटे चढली होती. कोणी तीव्र आम्लाची बाटली आणावयास सुचविले. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र राख, चिंच, रिठे आणि लिंबे पुढे ठेवली.

ही विद्या फार जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत द्रव्यशुद्धीचे स्वतंत्र प्रकरणच आहे. घर झाडण्याने व सारवण्याने शुद्ध होते, तांब्यासारखे धातू क्षार, आम्ल व पाणी यांनी, लोकर खाऱ्या मातीने, तर कांबळे रिठ्यांनी, असे तेथे सांगितले आहे. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही विख्यात टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कारकिर्दीत कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात लिहिली. स्मृतिकारांपुढचा प्रश्न धार्मिक शुद्धीचा होता, हे खरे. परंतु वस्तू बदलली की साधनही बदलावे, हे ज्ञान ग्रंथात येण्यापूर्वी घरोघरच्या स्त्रियांच्या हातांत असले पाहिजे.

रसायनशास्त्रही याला दुजोरा देते. चिंचेतील टार्टारिक आम्लाने पितळेवरील काळिमा विरघळतो, राखेतील पोटॅशियम कार्बोनेट तेलकटपणा सोडविते, आणि रिठ्यातील सॅपोनिन पाण्याला फेस आणून मळ सुटा करते.

अशा क्षारांचा एकेकाळी मोठा व्यापार चाले. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे काच व साबण यांना लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त केली आहे. पुढे १७९१ साली फ्रान्समध्ये लेब्लांकने मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. योगायोग असा, की त्याच वर्षी कॉर्नवॉलिसच्या फौजांनी देवनहळ्ळीचा किल्ला टिपूकडून घेतला. कारखान्यातील सोडा स्वस्त होत गेला, तसतसे राखेचे व नैसर्गिक खारांचे महत्त्व ओसरले. म्हैसूर संस्थानाने १९१६ साली बंगळूरात साबणाचा सरकारी कारखाना काढला, तोवर काळ पुरता पालटला होता.

परंतु निसर्गातून आलेली वस्तू निरुपद्रवीच असते, असे समजण्याचे कारण नाही. हा धडा मला पूर्वी मराठवाड्यात मिळाला. तेथील भाड्याचे घर सोडताना मी उत्साहाने शहाबादी फरशीवर लिंबू चोळले. शहाबादी फरशी चुनखडीच्या जातीची, आणि नळावरील पांढरे पूटही बहुतांशी त्याच जातीचे. ज्या गुणाने लिंबू नळ उजळते, त्याच गुणाने ते ती फरशी खाते. फरशीची झिलई गेली, व मालकांनी अनामत रकमेतून नुकसान वळते करून घेतले. ते रास्तच होते. देवनहळ्ळीच्या घरात फरशी ग्रॅनाइटची होती, तरीही या वेळी मी आधी कोपऱ्यात थेंबभर रस टाकून पाहिला.

संध्याकाळी घरमालकीण अज्जी आल्या. त्यांनी ओट्यामागे बोट फिरविले, नळ न्याहाळले, आणि अनामत पुरती मोजून दिली. निघताना देवनहळ्ळीचे नावाजलेले पपनस त्यांनी मुलांच्या हाती ठेवले. ‘पुढच्या महिन्यात नवे बिऱ्हाड येणार आहे, त्यांना आता काही करावे लागणार नाही,’ असे त्या म्हणाल्या.

भाड्याचे घर ही एक प्रकारची ठेव आहे. ती जशी मिळाली तशी परत करावयाची, तर अंगमेहनत हवीच; पण ज्यावर हात चालवावयाचा ती वस्तू कोणत्या जातीची आहे, हे आधी ओळखावयास हवे.